शिवेच्या आत

सोलापूर, फेब्रुवारी १९४७

प्रिय कडू,

तुला तुझ्या आण्णाचा आशीर्वाद. हे पत्र तुमच्या गावच्या गोरोबा गाडीवानाच्या हाती देतोय. महालिंगप्पा मास्तर तुला ते वाचून दाखवतील, पण अक्षर माझं आहे. तीन वर्षांपूर्वी इथं दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी पाटीवर बाराखडी गिरवली. रंदा धरायची सवय असलेला हात, त्यानं पेन्सिली मोडून मोडून शिकवणाऱ्या बाईंना रडकुंडीला आणलं. मास्तर, चुका असतील त्या सुधारून वाचा, मजकूर मात्र सुधारू नका. पुढं असं काही येईल की कडूची दया येऊन ते गाळावं असं तुम्हाला वाटेल. गाळू नका. मला तिला एक गोष्ट सांगायची आहे. साडेसहा वर्षं ती मी सांगितली नाही, आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढचं काहीच करता येत नाही.

आधी खुशाली. मी मिशनच्या दवाखान्यात सुतारकाम करतो. खाटा, कुबड्या, खिडक्यांच्या चौकटी, लागेल ते. तुझी वहिनी बरी आहे, गुडघे सोडले तर. पण कमल गुडघ्यांबद्दल इतकं बोलते की तेही ठीकच असावेत. उमाला बारावं लागलंय. चालताना उजवा खांदा पुढं काढते, अगदी तुझ्यासारखी. हे माझ्या आत्ता आत्ता ध्यानात आलं. इतकी वर्षं मी त्या पोरीकडं नीट पाहिलंच नव्हतं, ते का, तेही पुढं येईल.

गोरोबा मागच्या आठवड्यात बैलाची लाथ लागली म्हणून मांडी दाखवायला आला होता. मी त्याला तुझं विचारलं. वाटलं होतं, तो म्हणेल, आहे बरी, लोक विसरले. तो म्हणाला, तू अजून ओढ्याचं पाणी आणतेस. उन्हाळ्यात ओढा आटला की झरा उकरतेस आणि वाटीवाटीनं घागर भरतेस. गोठ्याशेजारच्या खोपीत वेगळी राहतेस. पहिली दोन-तीन वर्षं गावानं तुला विहिरीवर येऊ दिलं नाही, आता कुणी फारसं अडवत नाही, पण तूच जात नाहीस. मास्तरांच्या मंडळींनी एकदा हाताला धरून बोलावलं तर म्हणालीस, "न्हाय बाई, माझ्या हातानं झालंय, म्याच भोगते." हे ऐकून मी खाली बसलो. गोरोबाला वाटलं, बहिणीच्या दुःखानं बसलो. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. कडू, त्या हाताची मला फार लाज वाटली.

तुझ्या आधीची तीन भावंडं गेली म्हणून आईनं तुझं नाव कडू ठेवलं, यमाच्या तोंडाला लागू नये म्हणून. आई गेली तेव्हा तू सहा वर्षांची आणि मी सोळा. तुझी वेणी मी घालायचो आणि ती इतकी वाकडी यायची की कुंभारवाड्यातल्या बाया मला बोलावून घेऊन हसायच्या. तुझ्यासाठी स्थळ पाहायला गेलो तेव्हा मी घरदार, जमीन काही पाहिलं नाही. बब्रुवान पाव्हण्यांच्या हातात सागाची फळी दिली आणि म्हटलं, रंदा मारून दाखवा. फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच ढलपी निघाली, कुठं तुटली नाही. मी तिथंच सुपारी फोडली. माझ्यापेक्षा चांगला सुतार होता तो, आणि हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, म्हटलं असतं तर फार सुखावला असता.

आता त्या श्रावणाकडं येतो. तू पंचमीला येऊन गेलीस, उमा चार दिवस तुझ्या मांडीवरून उतरली नव्हती. तू गेल्यावर आठवड्यानं आमच्या गावात पटकी शिरली. पंधरा दिवसांत नऊ माणसं गेली. तहसिलीतून विहिरीत टाकायचं लाल औषध घेऊन एक माणूस आला, त्याला लोकांनी वेशीवरूनच परत लावलं, पाणी बाटेल म्हणून. परत लावणाऱ्यांत मीही होतो. मग ठरलं, गाडा करायचा. मास्तर, तुमच्या कानडी मुलखात ही रीत असेल नसेल म्हणून सांगतो. पटकी आली की गाव लाकडाचा हातभर लांबीचा गाडा करतं, त्यात मरीआईची बाहुली बसवतं, खण, नारळ, हिरव्या बांगड्या, दहीभात ठेवतं, आणि तो ओढत नेऊन शेजारच्या गावाच्या शिवेवर सोडतं. म्हणजे देवी आपलं गाव सोडून जाते. शेजारचे तो त्यांच्या पुढच्या शिवेवर नेतात. असा गाडा गावोगाव फिरत राहतो. यात कुणाला काही वावगं वाटत नाही, मलाही वाटत नव्हतं. मी आजवर असे तीन गाडे केले होते. मरीआईला मी नावं ठेवत नाही. मी जे केलं ते तिनं मला सांगितलं नव्हतं.

आमच्या गावाला तीन शिवा. जळकोटच्या बाजूला नेलेला पहिला गाडा दुसऱ्याच दिवशी आमच्या वेशीत परत आलेला. दुसरी शीव नदीपलीकडची, आणि नदीला पूर. राहिली तुझ्या सासरची. पारावर हे ठरलं तेव्हा सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या, कारण त्या गावात माझी बहीण होती. मी म्हणालो, मीच नेतो. लोकांना वाटलं, केवढा मोठा मनाचा. खरं म्हणजे त्या दिवशी उजाडल्यापासून उमाला ओकाऱ्या आणि जुलाब सुरू झाले होते, डोळे खोल गेले होते, आणि ती मला ओळखत नव्हती. माझ्याच उपरण्यानं मी तिला पुसत होतो. ते उपरणं तसंच कमरेला गुंडाळून मी भर दुपारी गाडा घेऊन निघालो.

गाडा ओढणाऱ्यानं बोलायचं नाही, मागं पाहायचं नाही, आणि शिवेच्या दगडाशी गाडा सोडून परत फिरायचं. दगडाच्या पुढं गेला तर देवी त्याच्यावरच उलटते, असं सगळे मानतात. म्हणून कुणी जात नाही, आणि कुणी गेला असेल असा संशयही कुणाला येत नाही. मी दगडाशी थांबलो. मनात आलं, इथं सोडला तर संध्याकाळपर्यंत हे लोक परत आणून घालतील, आणि उमाकडं तेवढा वेळ नाही. जितका आत जाईल तितका उशिरा परतेल. मी दगड ओलांडला. तू त्या गावात आहेस हे मी विसरलो नव्हतो, कडू. मला तू दिसत होतीस. पण उमा जास्त दिसत होती.

चिंचेच्या बनातून मी गाडा पार तुमच्या पायऱ्यांच्या विहिरीपर्यंत आणला आणि काठावरच्या दगडाला टेकवून ठेवला. उन्हाचं कुणी नव्हतं. अंगाला घाण वास येत होता, तो मला सहन होईना. मी पायऱ्या उतरलो, कमरेचं उपरणं सोडलं आणि त्या पाण्यात खळबळून पिळलं. तोंड धुतलं, पाणी प्यायलो आणि आलो तसा परत गेलो. त्या संध्याकाळी उमानं पाणी मागितलं. चौथ्या दिवशी ती उठून बसली. आठव्या दिवशी तुझ्या गावचा माणूस दारात आला, बब्रुवान पाव्हणं गेले म्हणून सांगत. तुमच्या गावात त्या फेऱ्यात अकरा माणसं गेली.

तेराव्याला मी आलो होतो हे तुला आठवत असेल. तेव्हा लोकांपुढं एकच प्रश्न होता, गाडा शिवेवरून विहिरीपर्यंत आत कुणी आणला. पाव्हण्यांनी जाण्याआधी घरात म्हटलं होतं, चाकं उत्तरेश्वर पाव्हण्यांच्या हातची हाईत, म्हणजे माझ्या. त्यावरून तुझ्या सासूबाई उठल्या आणि म्हणाल्या, "माहेरची देवी म्हनून हिनंच आत घेतली. नवरा खाल्ला, माझ्या लेकाचा जीव घेतला." कुणीतरी तुला विचारलं, तू गाड्याला हात लावलास का. तू नाही म्हणू शकली असतीस. तू म्हणालीस, "व्हय, पान्याला गेल्ते तवा बघितला. आण्णाच्या हातचा हाय म्हनून म्या तिला कुकू लावलं." एवढंच. भावाच्या हातचं काम पाहून तुला माहेर आठवलं, म्हणून तू कुंकू लावलंस. आणि ज्यानं गाडा आणला तो त्याच अंगणात, तुझ्यापासून चार हातांवर, हातात पाण्याचा तांब्या धरून बसला होता. मी तोंड उघडलं नाही. लोकांनी तुला विहीर बंद केली तेव्हाही नाही. जाताना तू मला सोडायला वेशीपर्यंत आलीस आणि म्हणालीस, आण्णा, तू मनाला लावून घेऊ नगंस.

दिवाळीला मी गाव सोडलं. निजामाच्या करोडगिरीचा, जकातीचा नाका ओलांडून इंग्रजी मुलखात आलो तेव्हा वाटलं होतं की इथं कुणी ओळखणारं नाही, बरं झालं. पण उमा बरोबर होती. ती हसली की मला पाव्हणं दिसायचे. तिला ताप आला की वाटायचं, आता फेड सुरू झाली. आणि ती बरी झाली की त्याहून वाईट वाटायचं. मी तिला जवळ घेणं सोडलं. कमलला वाटायचं, मुलगा नाही म्हणून माझं मन उडालंय.

दवाखान्यात काम लागल्यावर एकदा धीर करून मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, गाड्यानं पटकी येते का. त्या हसल्या. म्हणाल्या, लाकडानं काही येत नाही. मी घरी गेलो आणि कित्येक महिन्यांनी पोटभर जेवलो. दुसऱ्या दिवशी वॉर्डात खाट पोचवायला गेलो तर त्याच बाई एका रोग्याच्या नातेवाइकांना बजावत होत्या, याचे कपडे विहिरीवर नेऊन धुऊ नका, पटकी पाण्यातूनच पसरते, एका फडक्यानं गाव मरतं. मी खाटेचा पाय धरून उभा राहिलो. गाड्यातून सुटलो होतो तो एका रात्रीपुरता. कडू, तुझ्या कुंकवानं कुणी मेलं नाही. मेलं असेल तर माझ्या उपरण्यानं. नक्की तेच कारण झालं का, हे बाईंना सांगता आलं नसतं आणि मलाही येत नाही. पण मी दगड ओलांडला तो दुसऱ्यांवर यावं म्हणूनच, हे मला नक्की सांगता येतं.

इथल्या स्वयंपाकघरात शांताक्का म्हणून एक म्हातारी आहे. लोहाऱ्याकडची, आता ख्रिस्ती. तिचा नवरा मरीआईवाला होता. गावात असतो तर तिच्या हातचं पाणी मी प्यायलो नसतो. एका दुपारी कुबड्यांचं माप घ्यायला गेलो असता मी तिला सगळं सांगून टाकलं, कारण गाडा म्हणजे काय हे तिला समजावून सांगावं लागणार नव्हतं. तिनं ज्वारी निवडायची थांबवली नाही. म्हणाली, "माझ्या मालकानं जन्मभर गाडे हाकलले. ह्या गावचा त्या गावाला, त्या गावचा फुडच्या गावाला. म्या इचारायची, आन् शेवटच्या गावानं कुठं न्यायचा? तर म्हनायचे, शेवटचं गाव नसतंय. मग हितं येशूचं ऐकलं. त्यालाबी लोकांनी वेशीभाईर नेलं, समद्यांचं त्याच्यावर लादून. पर त्यानं फुडं ढकललं न्हाय. सवतावर ठिवून घेतलं. म्हनलं, हेच शेवटचं गाव."

मला राग आला. मी म्हणालो, करायचं मी आणि भोगायचं दुसऱ्यानं, हे तर मी आधीच केलंय, माझ्या बहिणीच्या बाबतीत. मग हा देव घेऊन मी काय करू? शांताक्का पहिल्यांदा माझ्याकडं पाहत म्हणाली, "तिला इचारलं व्हतं का तू? ह्यानं आपनहून घेतलं. लादनं येगळं, घेनं येगळं." मग मला तांब्याभर पाणी दिलं. मी ते प्यायलो.

तिच्या त्या बोलण्यानं मी काही लगेच बदललो नाही. जवळजवळ वर्षभर मी तिच्याशी भांडत होतो, पाद्रीसाहेबांशी भांडत होतो, शिकलेली अक्षरं लावून त्यांच्या शास्त्रात पळवाट शोधत होतो. मला शिक्षा हवी होती, कडू. शिक्षा झाली असती तर फिटलं असतं. माफी घेणं त्याहून अवघड, कारण माफी घ्यायची तर आधी कबूल करावं लागतं की हे मला कधीच फेडता येणार नाही. मागच्या पावसाळ्यात प्रार्थनाघराची बाकं दुरुस्त करत होतो. आत कुणी नव्हतं. हातातला हातोडा ठेवून मी खाली बसलो आणि त्या अकराही जणांची नावं घेतली, पाव्हण्यांचं शेवटी. म्हणालो, ही मी तुझ्यापुढं ठेवतोय, माझ्यानं ही वाहून नेववत नाहीत, आणि दुसऱ्या कुणावर टाकायची नाहीत. काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. पण उठलो तेव्हा मला कळलं की मला माफ केलेलं आहे. कसं कळलं ते मला लिहिता येत नाही. घरी गेलो. उमा उंबऱ्यात बसून वेणी घालत होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती दचकली. मग तशीच बसून राहिली, मी हात काढू नये म्हणून.

दुःख गेलं असं समजू नकोस. पाव्हणं रोज आठवतात, आता जास्तच आठवतात, कारण आधी त्यांच्याकडं पाहायची छाती नव्हती. तुला वाटेल, आण्णा बाटला. कमललाही तसंच वाटतं. ती म्हणते, "देव बदलला म्हनून केलेलं बदलतंय व्हय?" मी तिला सांगितलं, केलेलं बदलत नाही. फक्त ते आता माझ्या तोंडून बाहेर पडू शकतं. तिला हे सगळं मी गेल्या महिन्यात सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. त्यात तिचं काही चुकत नाही.

येत्या रविवारी माझा बाप्तिस्मा ठरला होता. मागच्या आठवड्यात पाद्रीसाहेबांनी विचारलं, कुणाचं काही तुझ्याकडं राहिलंय का, राहिलं असेल तर आधी तिकडं जा, मग इकडं ये. दुसऱ्याच दिवशी गोरोबा आला आणि त्यानं तुझं सांगितलं. तेव्हा मला कळलं की देवानं माझ्यावरचं उतरवून घेतलं, पण मी तुझ्यावर ठेवलेलं मी तसंच राहू दिलं होतं. मी पाद्रीसाहेबांना सांगितलं, रविवार राहू द्या. तुझी माफी मागायला हे पत्र नाही. ती द्यायची का नाही ते तुझं तू बघ, आणि नाही दिलीस तरी मी तुझा भाऊच आहे. मंगळवारी मी तिथं येतोय, एकटाच. गाव जे करील ते करू दे, मी ते नाकारणार नाही. पण माझ्या येण्याआधी एक झालं पाहिजे. मास्तर, इथपर्यंत वाचून झालं की कागदाची घडी घालू नका. मारुतीच्या पारावर गाव गोळा करा, कडूच्या सासूबाईंना पुढं बसवा, आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचा, मोठ्यानं, माझ्या नावासकट. कडू, तू तिथं ऐकत उभी राहू नकोस, तुझं ऐकून झालंय. मास्तर वाचत असतील तेव्हा तू घागर घे आणि विहिरीवर जा.

तुझाच आण्णा,
उत्तरेश्वर